नळीचे अनुदान, पाण्याचा हिशेब

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर आणि यावल तालुक्यांबद्दल दोन गोष्टी एका दमात सांगाव्या लागतात. महाराष्ट्रात ठिबक सिंचन ज्या भागांत लवकर रुजले आणि दाट पसरले, त्यांत सातपुड्याच्या पायथ्याचा हा केळीचा पट्टा अग्रभागी आहे. आणि भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त असलेल्या तालुक्यांच्या सरकारी यादीतही याच दोन तालुक्यांची नावे वर्षानुवर्षे येत राहिली आहेत. दोन्ही गोष्टी सरकारी कागदांवरच्याच. फक्त खाती वेगळी. पाणी वाचवण्यासाठी सरकारने जिथे सढळ हाताने पैसे दिले तिथेच पाणी खोल गेले, हे पाहून अनुदानात भ्रष्टाचार झाला असे म्हणायचा मोह होतो, किंवा शेतकरी हावरट आहे असे म्हणायचा. दोन्ही उत्तरे आळशीपणाची आहेत. खान्देशात सरकारने जमीन आणि पाणी राखण्यासाठी शेतकऱ्याला दिलेल्या पैशाचा दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर वेगळेच दिसते. सरकारने प्रत्येक वेळी वस्तूचे पैसे दिले: विहिरीचे, बांधाचे, शेततळ्याचे, नळीचे. ज्याच्या नावाने पैसे दिले ते पाणी किंवा ती माती किती राखली गेली, हे मात्र मोजले नाही. सुरुवातीची साऱ्यातली सवलत आणि पुढची फळझाडे हे दोन अपवाद सोडले, तर पैसे आणि परिणाम यांची गाठ कधी पडलीच नाही.

१८१८ साली खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा तो ओसाड होता. १८०२-०३ च्या धामधुमीत आणि पाठोपाठच्या दुष्काळात गावे उठली होती, शिवारांत झाडोरा माजला होता. पहिले कलेक्टर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्यापुढे प्रश्न माती वाचवण्याचा नव्हता, माणसे परत आणून नांगर धरायला लावण्याचा होता. त्यासाठी मराठी राज्यात रुळलेलीच साधने वापरली गेली: पडीक जमिनीवर सुरुवातीला नाममात्र आणि मग वर्षागणिक चढत जाणारा सारा लावणारा इस्तावा, आणि बी-बैलांसाठी तगाई. इस्तावा हा अनुदानाचाच एक प्रकार होता, कारण राज्य आपले उत्पन्न काही वर्षे सोडून देत होते. त्यात एक शहाणपणही होते. पैसे आधी हातात पडत नसत. जमीन लागवडीखाली राहिली तरच पुढच्या वर्षीची सवलत टिके. तगाईचे तसे नव्हते. ती उचल होती, परत फेडायची होती, आणि तिच्यातून बैल आला की तो जगला का, हा प्रश्न सावकाराचा किंवा नशिबाचा.

पुढच्या काळात तगाईला कायद्याचे रूप आले. १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्यात विहिरी आणि तळी तर होतीच, शिवाय पुरापासून आणि पाण्याने होणाऱ्या धुपीपासून जमिनीचे रक्षण करणाऱ्या कामांनाही कर्ज देण्याची तरतूद होती. मृद्संधारणासाठी सरकारी पैसा ही कल्पना त्या अर्थाने सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. कर्जाची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी, म्हणजे गरज पडल्यास जमीन विकून. त्याच कायद्यात दुसरी बाजूही होती: कर्जातून केलेल्या सुधारणेमुळे त्या जमिनीचा सारा वाढवायचा नाही. सारा न वाढवण्याचे हे आश्वासन खान्देशात विशेष महत्त्वाचे होते. १८५२ साली महसुली मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर आणि एरंडोल भागात लोक हजारोंनी उठले होते आणि सरकारला फौज आणावी लागली होती. मोजणीदार आला म्हणजे सारा वाढणार, हे समीकरण लोकांच्या मनात पक्के होते. अशा प्रदेशात स्वतःच्या खर्चाने विहीर खोदायची आणि मग बागायत म्हणून जास्त सारा भरायचा, हे कोण करील? म्हणून मुंबई इलाख्याच्या महसूल पद्धतीत शेतकऱ्याने स्वखर्चाने केलेल्या सुधारणेवर वाढीव आकार न बसवण्याचे तत्त्व हळूहळू मान्य झाले. विहिरींना सरकारने दिलेले हे खरे उत्तेजन. पण त्याचा अर्थ असाही होता की विहीर खोदणाऱ्याने जमिनीखालून किती पाणी काढले, यात राज्याला काही घेणेदेणे उरले नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानेही आपल्या जमिनीखालचे, ठरीव पात्रातून न वाहणारे पाणी गोळा करण्याचा आणि वापरण्याचा हक्क जमीनमालकालाच दिला. पुढची दीडशे वर्षे ज्या प्रश्नाने छळले, त्याचे मूळ इथे आहे. विहीर सरकारी मदतीची, पाणी मात्र सर्वस्वी मालकाचे.

याच काळात धुळे-नाशिक भागात एक वेगळी व्यवस्था चालू होती, आणि तिला संवर्धनासाठी सरकारकडून दमडी मिळत नव्हती. पांझरा, कान, मोसम, आराम, गिरणा या नद्यांवर ठिकठिकाणी दगडी बंधारे होते. बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, आणि खालच्या भिजणाऱ्या शिवाराचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. ऊस कोणत्या फडात, दोन हंगामी पीक कोणत्या फडात आणि पाणी कमी असेल तर यंदा कोणता फड कोरडा ठेवायचा, हे लाभधारक मिळून ठरवत. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. त्यांचा मोबदला धान्यात. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असल्याने कोरडा फड हा कुणा एकाच्या वाट्याला येत नसे. या पद्धतीवर हल्ली भाबडे लेखन फार होते, म्हणून तिच्या मर्यादा आधीच सांगितलेल्या बऱ्या. लाभक्षेत्राबाहेरच्या शेतकऱ्याला तिच्यात जागा नव्हती, भूमिहीनाला तर नव्हतीच, आणि पाटकऱ्याला मिळणारे धान्य म्हणजे न्याय्य मजुरी असे कुणी सिद्ध केलेले नाही. तरीही एक गोष्ट तिच्यात होती, जी नंतरच्या कोणत्याही अनुदान योजनेत आली नाही: पाणी किती आहे ते आधी पाहायचे आणि पीक त्यानंतर ठरवायचे. फड मोडला तो अनुदान न मिळाल्यामुळे नव्हे. वरच्या अंगाला धरणे झाली, नदीकाठाने विहिरी आणि पंप वाढले, बारमाही वाहणारा झरा आटला आणि ज्याच्या शेतात स्वतःची विहीर आली त्याला फडाच्या बैठकीची गरज उरली नाही. ज्या विहिरींना उत्तेजन द्यायला शतकभर कायदे झाले, त्यांनीच फडाच्या पायाखालचे पाणी काढून घेतले. यात कुणाचा कट नव्हता. एका योजनेला दुसरीची खबर नव्हती एवढेच.

माती वाचवण्याच्या कामाला जोर आला तो १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने. उतारावर समपातळीत मातीचे बांध घालायचे, ते एका शेतापुरते नव्हे तर सबंध पाणलोटाचे, आणि खर्चाचा काही भाग सरकारने सोसून उरलेला जमीनधारकांकडून हप्त्याने वसूल करायचा. तांत्रिकदृष्ट्या विचार पक्का होता. पण समपातळीची रेघ शेताच्या हद्दी मानत नाही. बांध एकाच्या शेतातून तिरपा जाई, कोपरा तोडी, औत वळवायला अडचण होई, आणि एवढे होऊन खर्चाचा हप्ता मात्र त्याच शेतकऱ्याच्या नावावर चढे. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या कोरडवाहू पट्ट्यात असे बांध शेतकऱ्यांनी नांगरून काढल्याची आणि आपल्या धुऱ्यालगत स्वतःचे बांध घातल्याची उदाहरणे अभ्यासकांनी नोंदली आहेत. तरी सरकारी अहवालात प्रगती मोजली गेली ती बांधबंदिस्ती झालेल्या हेक्टरांत. बांध पुढच्या पावसाळ्यात जागेवर होता का, याचे कोष्टक नव्हते. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर हीच कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. तिथे तर मोजमाप मातीचे ब्रास आणि मजुरांचे दिवस यांत होते, आणि ते योग्यच होते, कारण त्या योजनेचा पहिला हेतू हाताला काम देणे हा होता. शहरी पगारदारांच्या व्यवसाय करातून ग्रामीण मजुराला काम देणारी ती योजना आपल्या हेतूशी प्रामाणिक राहिली. संवर्धन हा तिचा उपफळासारखा दावा होता.

दुसरा अपवाद आला तो १९९० साली, आणि तो याच रोजगार हमीतून. फळबाग लागवडीला रोजगार हमीची जोड देऊन शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतात खड्डे खोदण्याची, रोपांची आणि मजुरीची रक्कम सरकारने द्यायची, असे ठरले. पैसे एकदम नाही, तीन वर्षांत. पुढे २०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाने सुरू झालेल्या फळबाग योजनेत हे सूत्र स्पष्ट आकड्यांत आहे: अनुदान ५०, ३० आणि २० टक्के अशा तीन हप्त्यांत, आणि पुढचे हप्ते मिळण्यासाठी बागायती झाडे ९० टक्के, कोरडवाहू ८० टक्के जिवंत असली पाहिजेत. मेलेल्या झाडाच्या जागी शेतकऱ्याने पदरमोड करून नवे लावायचे. खान्देशातल्या लिंबू, मोसंबी, बोर, सीताफळ यांच्या बागांमागे या पैशाचा हात आहे. कृषी सहायक शेतात जाऊन झाडे मोजतो, आणि ती मोजणी फसवणे अशक्य नसले तरी अवघड आहे; तीन वर्षांचे लिंबाचे झाड एका रात्रीत उभे करता येत नाही. इस्ताव्यानंतर जवळपास पावणेदोनशे वर्षांनी राज्याने पुन्हा टिकण्याचे पैसे दिले. ही रीत सरकारला जमत नाही असे म्हणणाऱ्यांनी ही योजना नजरेआड करू नये.

आणि तरीही पाण्याच्या बाबतीत नेमकी उलटी रीत पडली. महाराष्ट्राने ठिबक संचाला अनुदान द्यायला सुरुवात केली १९८६-८७ मध्ये. जळगावात त्याच सुमारास भवरलाल जैन यांची कंपनी, जी पीव्हीसी पाइपांच्या धंद्यात आधीच स्थिरावली होती, ठिबककडे वळली. कारखाना, केळीचा पट्टा आणि अनुदान एकाच जिल्ह्यात एकाच दशकात भेटणे हा खान्देशाच्या आर्थिक इतिहासातला मोठा योग होता. आठव्या पंचवार्षिक योजनेपासून केंद्राचा पैसा आला, जानेवारी २००६ मध्ये सूक्ष्म सिंचनाची स्वतंत्र केंद्रपुरस्कृत योजना आली, २०१५ मध्ये ती प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेत गेली. केंद्राच्या नियमाने अल्प आणि अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के. त्यावर राज्याची भर पडून आज महाराष्ट्रात हे प्रमाण अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जाते. प्रक्रिया शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे: महाडीबीटीवर अर्ज, पूर्वसंमती, संच बसवणे, बिल, मोका तपासणी, मग खात्यावर पैसे, आणि त्या पैशांची वाट. मोका तपासणीत नळ्यांची लांबी, ड्रिपरमधले अंतर, फिल्टर, भिजणारे क्षेत्र पाहतात. विहिरीत किती परस पाणी आहे, ते गेल्या उन्हाळ्यापेक्षा वर आहे की खाली, हा रकाना त्या कागदात नाही.

ठिबकचे गुण नाकारण्याची गरज नाही. पुण्याच्या गोखले संस्थेत असताना अ. नारायणमूर्ती यांनी १९९३-९४ च्या हंगामात जळगावच्या केळीचा आणि नाशिकच्या द्राक्षांचा अभ्यास केला. केळीत ठिबकने पाणी सुमारे २९ टक्के कमी लागले आणि उत्पादन सुमारे ५२ टक्के वाढले, असा त्यांचा निष्कर्ष होता. अनुदान धरले नाही तरी गुंतवणूक फायद्याची ठरते, हेही त्यांनी दाखवले. मोकाट पाण्यावर वाढणारी केळी आणि विद्राव्य खत घेऊन ठिबकवर वाढणारी ऊतीसंवर्धित केळी यांत फरक उघड आहे. पण या आकड्यांचे एकक पाहिले पाहिजे. पाणी मोजले गेले ते पंपाच्या अश्वशक्ती-तासांत, आणि एका क्षेत्रावर. एका हेक्टरला पाणी कमी लागले, याचा अर्थ विहिरीतून कमी पाणी निघाले असा होत नाही. ज्याच्या विहिरीला आठ तास विजेत दोन एकर केळी भिजत होती, त्याच विहिरीवर ठिबकने तीन एकर भिजू लागली, तर शेतकऱ्याने तिसरा एकर कोरडा का ठेवावा? त्याला पैसे तर नळीसाठी मिळाले होते. शिवाय पाटाने दिलेल्या पाण्याचा काही भाग मुरून पुन्हा त्याच गाळाच्या थरात, शेजाऱ्याच्या विहिरीत, जात असे. ठिबकने तो मुरणारा भाग कमी केला, आणि आपण त्याला बचत म्हणालो.

सगळ्यात बोलका पुरावा केळीत नाही, कापसात आहे. खान्देशचा कापूस पिढ्यानपिढ्या मृगाच्या पावसावर पेरला जाई. ठिबक आल्यावर पूर्वहंगामी कापूस पसरला: मे महिन्यात लावायचा, पाऊस येईपर्यंत नळीवर जगवायचा आणि बाजारात लवकर आणायचा. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा उत्तम हिशेब आहे. पण वर्षातल्या ज्या महिन्यात विहिरींची पातळी सर्वांत खाली असते, त्या महिन्यात जे पीक पूर्वी पाणी मागतच नव्हते ते आता मागू लागले. बचतीच्या साधनाने नवी मागणी तयार केली. हे फक्त आपल्याकडेच घडले असेही नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात काटकसरीच्या तुषार सिंचनासाठी सरकारने अनुदान दिले. फायफर आणि लिन या अभ्यासकांनी २०१४ साली दाखवले की त्यानंतर भूजलाचा उपसा घटला नाही, वाढला. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१७ च्या अहवालाचाही रोख हाच होता: उपशावर मर्यादा नसेल तर सुधारित सिंचनाने एकूण वापर सहसा कमी होत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की शेतकऱ्याचे उत्पन्न वाढले, हे काय थोडे झाले? थोडे नाही झाले, आणि उत्पन्न वाढवण्यासाठी सरकारने पैसे द्यावेत याला विरोध करण्याचे कारणही नाही. मात्र मग त्या योजनेला उत्पादनवाढीची योजना म्हणावे, तिच्या यशाचा आकडा जलसंधारणाच्या खात्यात लिहू नये. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ठिबक नसते तर हेच क्षेत्र पाटाने भिजले असते आणि पाणी याहून लवकर संपले असते. जुन्या केळीबागांपुरते हे खरे असू शकते. पण वाढलेले क्षेत्र आणि मे महिन्यातला कापूस ठिबकशिवाय आलेच नसते, म्हणून हा युक्तिवाद सगळ्या शिवाराला लागू करता येत नाही. तिसरा आक्षेप जाणकारांचा असतो. खरा दोष नळीचा नाही, विजेचा आहे, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. शेतीपंपाला अश्वशक्तीवर ठरीव दर लागू झाल्यापासून जास्त तास पंप चालवण्याची वेगळी किंमत उरली नाही, आणि २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षे वीजबिल माफ झाले आहे. एक खाते पाणी वाचवायला ८० टक्के देते, दुसरे पाणी उपसायला १०० टक्के. पण या आक्षेपाने माझा मुद्दा खोडला जात नाही, पुढे सरकतो: तिथेही पैसे वस्तूला, म्हणजे पंपाला मिळतात, पाण्याला नाही.

कायद्याने आवरावे, तर तोही प्रयत्न झाला आहे. १९९३ चा भूजल कायदा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांपुरता होता. २००९ चा व्यापक कायदा २०१४ साली अमलात आला, त्यात अधिसूचित क्षेत्रात उपशावर आणि जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर बंधने घालण्याची सोय आहे. नियमांचा मसुदा २०१८ साली निघाला तेव्हा खोल विहिरी आणि पिके यांवरच्या तरतुदींना मोठा विरोध झाला. केळीच्या पट्ट्यात पीकबंदीची भाषा कोणता आमदार करील? धुळे जिल्ह्यात शिरपूरने दुसरी वाट काढली. निवृत्त भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळाने २००४ पासून नाले रुंद-खोल करून सिमेंटच्या बंधाऱ्यांच्या साखळ्या घातल्या. पैसा शेतकऱ्याच्या खात्यात न जाता ओढ्याच्या पात्रात गेला, हा त्यातला खरा वेगळेपणा. त्याच्या शास्त्रीय मर्यादांवर वाद आहेत, आणि वरच्या गावाने अडवलेले पाणी खालच्या गावाचे असते हा प्रश्न तिथेही सुटत नाही. शिवाय पुरवठा वाढवून मागणीला मोकळे सोडणे, हे तिथेही तसेच. सातपुड्याच्या पायथ्याशी पुराचे पाणी मुरवण्याच्या तापी महापुनर्भरण प्रकल्पावर मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचा करार झाला, तो याच विचाराची मोठी आवृत्ती आहे.

मग झाडांप्रमाणे पाण्यालाही हप्ते बांधता येतील का? वैयक्तिक शेतकऱ्याला बांधता येणार नाहीत, हे मान्य केले पाहिजे. एकाने पंप बंद ठेवला तर ते पाणी शेजारी काढतो, आणि बक्षीस नेमके कुणाला द्यायचे? झाड मालकाचे असते, पाण्याची पातळी गावाची असते. म्हणून हप्ता द्यायचा तर गावाला किंवा पाणलोटाला द्यावा लागेल, आणि मग कुणी किती केळी लावायची हे ग्रामसभेत ठरवण्याचे दुखणे अंगावर येईल, मोठ्या बागायतदाराचा दबाव येईल, विहीर नसलेल्याचा वाटा कोणता यावर भांडण होईल. पांझरेच्या काठी कोरडा फड ठरवतानाही भांडणे होत असणारच. अमेरिकेत १९८५ पासून धुपणारी जमीन दहा ते पंधरा वर्षे न नांगरण्याचे भाडे शेतकऱ्याला मिळते. दोन-चार एकरांच्या खान्देशात त्याची नक्कल होणार नाही, पण काय न केल्याबद्दल पैसे द्यायचे हे कागदावर लिहिता येते, एवढे त्यावरून दिसते. मोजमापाची अडचण सांगितली जाते, तीही अर्धीच खरी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून राज्यात आहे, आणि तिचे कर्मचारी निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये नोंदवतात. त्या नोंदी रावेर-यावलच्याही आहेत. ठिबकच्या अनुदानासाठी सातबारा लागतो, आठ-अ लागतो, आधार आणि बँकेचे पासबुक लागते, एकदा लाभ घेतलेल्या क्षेत्रावर सात वर्षे पुन्हा अर्ज करता येत नाही. निरीक्षण विहिरीचा आकडा मात्र ना अर्जदाराला मागितला जातो, ना मंजुरी देणाऱ्याला पाहावा लागतो.